पहिला पाऊस आणि पॉइंट्स टेबल

आज जरा रागावूनच लिहायला बसलोय. राग कुणावर आहे ते ओघात येईलच. आधी किस्सा सांगतो.

२०२५ च्या एप्रिलातली गोष्ट. चौदा तारखेची सुट्टी सोमवारी आली होती, म्हणून शनिवार-रविवार जोडून दर्यापूरला गेलो. रात्रीच्या गाडीनं मुर्तिजापूर, तिथून पुढे एसटी. (शकुंतला चालू होती तेव्हा थेट बनोसा स्टेशनवर उतरता यायचं. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.) घरी बॅग टाकली, आईच्या हातचा चहा घेतला आणि सवयीप्रमाणे पाय आपोआप पानठेल्याकडे वळले.

तिथे नेहमीची मंडळी हजर. एकजण खर्रा घोटतोय, एकजण मोबाईलमध्ये स्कोअर बघतोय, आणि माझा शाळेतला मित्र नेहमीप्रमाणे न्यायाधीशाच्या खुर्चीवर.

"काय बे पुण्यावाल्या, कवा आला?"

"आत्ताच. काय म्हणते आयपीएल?"

"मुंबई गेली यंदा. पाचात चार हरली. अजून काय पायतं?"

"आणि रोहित?"

"संपला थो. एका डावात विशीच्या वर नाई गेला. त्याले म्हना बस आता घरी. यंदा दिल्लीच. चारपैकी चार जिंकली हाये. लिहून घे."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुणी 'लिहून घे' म्हटलं की मी खरंच लिहून घेतो. मोबाईलमध्ये नोंद केली: मुंबई बाद, रोहित संपला, दिल्ली चॅम्पियन. तारीख १२ एप्रिल.

दुसऱ्या दिवशी रविवारी याच दोन संघांचा दिल्लीत सामना होता. आपल्या विदर्भाकडून रणजी गाजवून आलेल्या करुण नायरनं ४० चेंडूंत ८९ मारले. मित्राच्या घरी टीव्हीसमोर दहा-बारा जण होतो, सगळ्यांच्या अंगात आलं. "उद्याच्या उद्या इंडियात घ्या याले!" मग एकोणिसाव्या षटकात दिल्लीचे तीन फलंदाज लागोपाठच्या चेंडूंवर धावबाद झाले आणि मुंबई १२ धावांनी जिंकली. घरी जाताना मित्र म्हणाला, "एखादा सामना जातेच. काही फरक पडत नाई."

पुढे काय झालं ते क्रिकेट बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण लिहून घेतलंय तर ताळा करायला हवा. मुंबईनं त्या सामन्यापासून लागोपाठ सहा जिंकले. रोहितनं २० एप्रिलला चेन्नईविरुद्ध नाबाद ७६ केले, तीन दिवसांनी हैदराबादविरुद्ध ७०. करुण नायर पुढच्याच सामन्यात शून्यावर धावबाद झाला आणि त्या हंगामात त्याचं दुसरं अर्धशतक काही झालं नाही. २१ मे रोजी वानखेडेवर मुंबईनं दिल्लीला ५९ धावांनी हरवून प्लेऑफचं तिकीट घेतलं आणि पहिले चारही सामने जिंकलेली दिल्ली पाचव्या क्रमांकावर राहून घरी गेली.

तीनपैकी तीन अंदाज चुकले. मी मित्राला फोन करून माझी नोंद वाचून दाखवली. तो जे बोलला ते इथे छापण्यासारखं नाही. :)

आता तुम्ही म्हणाल, चालायचंच. गप्पाच त्या, एवढं काय मनावर घ्यायचं? एखाद्या वर्षी होतं असं. तर मंडळी, एखाद्या वर्षी नाही, हे जवळपास दरवर्षी होतं. २०१४ मध्ये कोलकाता पहिल्या सातपैकी पाच हरली, मग लागोपाठ नऊ जिंकून विजेती झाली. २०१५ मध्ये मुंबई पहिले चार हरली आणि करंडक घेऊन गेली. २०२४ मध्ये बंगळुरूनं आठपैकी फक्त एक जिंकला होता, पुढचे सहाच्या सहा जिंकून प्लेऑफ गाठला. उलटी उदाहरणंही आहेत. २०११ च्या एप्रिलात पंजाबच्या पॉल वल्थाटीनं चेन्नईविरुद्ध नाबाद १२० मारले. आमच्या ठेल्यावर त्याला पुढचा सेहवाग करून झालं होतं. भारताकडून तो एकही सामना खेळला नाही.

एवढं होऊनही आपण दर एप्रिलात तेच करतो. आठवणच राहत नाही. माझी तक्रार ती आहे.

यात थोडं गणित आहे. कंटाळा करू नका, दहावीच्याही खालचं आहे. समजा आयपीएलचे दहाही संघ अगदी तंतोतंत सारखे आहेत. कोण जिंकणार ते नाणं फेकून ठरतं. तर एखादा संघ पहिल्या पाचपैकी चार किंवा पाच सामने हरण्याची शक्यता किती? ३२ मध्ये ६, म्हणजे जवळपास १९ टक्के. दहा संघांत सरासरी दोन संघ असे निघणारच. तसेच दोन संघ चार किंवा पाच सामने जिंकलेलेही निघणार. म्हणजे दहापैकी चार संघांबद्दल आपण छातीठोकपणे 'गेले' किंवा 'हेच जिंकणार' असं म्हणणार, आणि प्रत्यक्षात तिथे नाण्यापलीकडे काहीच नसेल! मग त्या नाण्याच्या उड्यांना आपण कारणं चिकटवतो. कर्णधार चुकला, ड्रेसिंग रूममध्ये गट आहेत, पोरांमध्ये भूकच राहिली नाही. खरे संघ सारखे नसतात हे मलाही कळतं. पण पाच सामन्यांत चांगला कोण आणि नशिबाचा कोण हे वेगळं काढता येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

अमेरिकेत असताना (ऑनसाइट, अर्थात!) ऑफिसातल्या लोकांमुळे बेसबॉल बघायची सवय लागली होती. तिथे एक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज. आयपीएलच्या साखळीत २०२५ साली प्रत्येक संघाला १४ सामने होते. म्हणजे आपला अख्खा हंगाम हा त्यांच्याकडचा पहिला पंधरवडा! तरी त्यांचे शौकीनही एप्रिल-मेमध्ये आपल्यासारखेच निकाल लावत बसतात, मी कानांनी ऐकलंय. १९९४ मध्ये टफी रोड्स नावाच्या शिकागो कब्जच्या खेळाडूनं हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तीन होमरन मारले. लोकांनी उरलेल्या हंगामाचा गुणाकार करून टाकला असेल. त्या अख्ख्या हंगामात त्याचे एकूण होमरन झाले आठ. आणि हाच माणूस अमेरिकेत जमलं नाही म्हणून जपानला गेला, तिथे २००१ साली एका हंगामात ५५ मारून सादाहारु ओहच्या विक्रमाची बरोबरी केली. म्हणजे लोक त्याच्याबद्दल दोनदा चुकले. आधी डोक्यावर घेऊन, मग डोक्यावरून उतरवून.

२०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी पहिल्या ५० सामन्यांत १९ जिंकले, ३१ हरले. मॅनेजरला हाकला अशी ओरड चालू होती. त्यांनी हाकललं नाही. ऑक्टोबरमध्ये तोच संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. पन्नास सामने बघूनही लोक चुकतात, आणि आपण पाचात 'लिहून घे' म्हणतो.

आता समोरच्याची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. सुरुवात कधीच काही सांगत नाही असं नाही. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स पहिले सलग २१ सामने हरले. तो संघ खरोखरच वाईट होता, शेवटी ५४ जिंकले आणि १०७ हरले. शिवाय आयपीएल छोटी असल्यामुळे सुरुवातीला घालवलेले गुण भरून काढायला वेळ कमी असतो, हेही खरं. आणि गप्पा मारूच नका असं तर मी मुळीच म्हणत नाही. गप्पा मारायच्या नाहीत तर क्रिकेट बघायचं कशाला? माझं भांडण गप्पांशी नाही, निकालाशी आहे. 'मुंबई वाईट खेळतेय' ही गप्पा झाली. 'रोहित संपला, त्याले घरी बसवा' हा निकाल झाला.

निकाल लावायची सवय लागली की ती शेवटी माणसावर उतरते. २०२४ च्या मार्चमध्ये हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार म्हणून उतरला आणि अहमदाबादपासून थेट वानखेडेपर्यंत, म्हणजे स्वतःच्या संघाच्या मैदानावर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हंगाम सुरू होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते! मुंबई त्या वर्षी तळाला राहिली, तेव्हा 'बघा, आम्ही म्हणत होतो' हेही झालं. २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्यानंच टाकलं. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या तीन महिन्यांत त्या माणसानं काय काढलं असेल याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मला खरं आश्चर्य वाटतं ते आमच्या वऱ्हाडी माणसाचं. पुण्या-मुंबईच्या लोकांना पाऊस म्हणजे भजी. आपल्याला तसं नाही ना! दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं तरी खारं, पिकाला देता येत नाही, सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. जूनमध्ये मृगाचा एक पाऊस आला, मातीचा वास सुटला, म्हणून जो घाईनं पेरतो त्याचं काय होतं हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाऊस पंधरा दिवस दडी मारतो, कोंब करपतात, दुबार पेरणी येते. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, कर्ज पुन्हा. म्हणून तर कृषी विद्यापीठवाले दरवर्षी ओरडून सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

हा माझा न्यायाधीश मित्र पंधरा एकर कोरडवाहू करतो. पहिल्या पावसावर त्यानं आजवर तिफण बाहेर काढलेली मी पाहिली नाही. शेजारचा पेरत असला तरी हा बांधावर उभा राहून ढेकूळ फोडून बघणार, ओल कुठवर गेली ते पाहणार, आणि म्हणणार, "थांब, अजून एक येऊ दे." सगळ्या गावात त्याच्याइतका सबुरीचा शेतकरी नाही. आणि हाच माणूस ठेल्यावर आला की चौथ्या सामन्याला चॅम्पियन जाहीर करतो. अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणीसुद्धा याच्यापेक्षा सावध बोलते! त्याला म्हटलं हे. तर म्हणतो, "शेतात पैसा लागते बे, इथं काय लागते?"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. ते घरी गेल्यावर मिळालं, आणि राग कुणावर ते इथे सांगायचं आहे.

माझा भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. डावखुरा सलामीचा फलंदाज. मार्चमध्ये तो एका निवड चाचणीला जाऊन आला होता. दोन सराव सामने झाले, दोन डाव मिळाले. पहिल्यात चार धावा, दुसऱ्यात शून्य. यादीत नाव आलं नाही. निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही, शेकडो पोरं येतात, दिवस दोन असतात. ते तरी काय करणार?

पण मी काय केलं? त्या शनिवारी रात्री जेवताना ताईनं विषय काढला, "याचं काय करायचं रे?" आणि मी, जो आत्ता तुम्हाला नाण्याचं गणित शिकवतोय, तोच मी सहज म्हणून गेलो, "दोन्ही डावांत काही केलं नाही ना? मग कशाला वेळ घालवायचा. दहावीचं वर्ष आहे, अभ्यास कर म्हणावं." भाचा ताटावरून न बोलता उठला. मला वाटलं, पोट भरलं असेल.

मे अखेर मित्राच्या तीन अंदाजांचा ताळा करून हसत होतो, तेव्हा ताईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, यानं बॅट आणि पॅड शेजारच्या पोराला देऊन टाकले. मी विचारलं, काऊन? तिनं फोन त्याच्याच हातात दिला. तो म्हणाला, "मामा, तुमीच तं म्हनले होते."

त्या रात्री मी हे गणित मांडलं. ते आधी मांडायला हवं होतं. समजा एखाद्या मुलाची खरी सरासरी २५ आहे. शाळकरी वयात ही चांगली सरासरी झाली. प्रत्येक धावेगणिक बाद होण्याची शक्यता सारखीच धरली, तर असा मुलगा साधारण तीनातल्या एका डावात दहाच्या आत बाद होतो. लागोपाठ दोन डावांत दहाच्या आत बाद होण्याची शक्यता जवळपास दहात एक. म्हणजे चाचणीला आलेल्या दर दहा चांगल्या पोरांमधलं एक पोरगं काहीही चूक नसताना नापास होणार. निवडणाऱ्यांच्या हातात दोनच डाव होते. माझ्या हातात तर त्याचं सगळं लहानपण होतं. अंगणात खराट्याच्या बुंध्यानं खेळायचा तेव्हापासून बघतोय मी त्याला. तरी मी दोनच डाव मोजले.

सचिन तेंडुलकर पहिल्या दोन्ही एकदिवसीय सामन्यांत शून्यावर बाद झाला होता, आणि पहिल्या शतकासाठी त्याला सप्टेंबर १९९४ पर्यंत, ७९ व्या सामन्यापर्यंत थांबावं लागलं. श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूची कसोटीतल्या पहिल्या सहा डावांची बेरीज आहे एक धाव. पुढे त्यानं सहा द्विशतकं ठोकली. एवढं लांब कशाला, विदर्भाकडून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू उमेश यादव. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. माझ्या भाच्याच्या वयाचा होता तेव्हा लेदर बॉलनं खेळतही नव्हता! आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा. आधी मुंबईच्या संघात घेतलं होतं, पण एकही सामना मिळाला नाही. आयपीएलचा पहिला सामना खेळला तो एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध २२८ चा पाठलाग करताना त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केले, आणि आठवड्याभरानं बंगळुरूनं करंडक उचलला. कुणीतरी मधल्या वर्षांत त्यालाही 'दहावी कर' छाप सल्ला दिला असेलच की.

आणि आपला अख्खा संघच बघा ना. विदर्भ रणजीत पहिल्यांदा खेळला १९५७-५८ च्या हंगामात. पहिलं विजेतेपद मिळालं १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. साठ वर्षं! फैझ फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, रजनीश गुरबानीची अंतिम सामन्यात हॅटट्रिक. मग २०१८-१९ ला पुन्हा, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला, यश राठोडनं ९६० धावा केल्या. ऑक्टोबर २०२५ ला इराणी करंडकही आपणच घेतला, त्यात अकोल्याच्या अथर्व तायडेनं १४३ केले.

मी ठेल्यावर विचारलं होतं, हर्ष दुबे माहीत आहे का? एकानं विचारलं, "कोन्या टीमचा?"

रणजी सुरू होते ऑक्टोबरात. सोयाबीन घरात येत असतं, कापसाची पहिली वेचणी चालू असते. चार-चार दिवसांचे सामने, एका डावात पडला तर दुसऱ्या डावात उठायची संधी. तिथे नाणं कमी आणि खेळ जास्त दिसतो. पण तेव्हा ठेल्यावर क्रिकेटचा विषय नसतो. आपल्याच मुलांना आपण पहिल्या पावसाइतकाही वेळ देत नाही, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्यांच्या संघांचे निकाल लावायला मात्र सगळे हजर.

तर मित्रा, 'इथं काय लागते' याचं उत्तर मला आता सुचलंय. इथे पोरगं लागते. ठेल्यावर जी भाषा आपण रोहितसाठी वापरतो तीच घरी जेवताना तोंडात येते. रोहितला काही फरक पडत नाही, तो आठवड्यात ७६ मारून मोकळा होतो. भाच्याकडे पुढचा सामनाच नव्हता. मी दुबार पेरणी घडवून आणली, आणि बियाणं माझं नव्हतं.

दिवाळीत त्याला नवी बॅट घेऊन दिली. त्यानं घेतली, पण फार खूश दिसला नाही. पोरं इतक्या लवकर विसरत नाहीत आणि विसरूही नये. मी त्याला एक वही दिली आहे. प्रत्येक डाव त्यात लिहायचा. कितव्या चेंडूवर, कसा बाद झाला, खेळपट्टी कशी होती. तीस डाव होईपर्यंत त्यानं, ताईनं किंवा मी, कुणीही काही म्हणायचं नाही असं ठरलंय. आतापर्यंत अकरा डाव झालेत. किती धावा झाल्या ते इथे लिहीत नाही.

लिहिलं तर तुम्ही निकाल लावाल.